नारळाला लख्ख दिसतं

आमच्या घरात माणसं दोन आणि चष्मा एक. हे गरिबीमुळे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण शेजारच्या विठूनं गावभर तसं पसरवलेलं आहे. विठू भूमापन कार्यालयातून निवृत्त झाला. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायची खोड तेवढी निवृत्त झाली नाही.

झालं असं, की चाळिशी लागली तेव्हा मी आणि हौसा एकाच दिवशी बाजारातल्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं माझे डोळे तपासले, बायकोचे तपासले, आणि म्हणाला, "नंबर जवळपास सारखेच आहेत. दोन करू ना?" हौसा म्हणाली, "एकच करा. दोघांनी एकदम बघावं असं आमच्या घरात आहे काय?" चष्मेवाल्यानं एकाच चष्म्याची पावती फाडली. घरी येऊन बघितलं तर तसं काही मलाही सापडेना.

त्यानंतर काचा बदलल्या, काड्या बदलल्या, एकदा नाकावरचा पूल तांब्याच्या तारेनं बांधला, पण चष्मा एकच राहिला. मी ड्यूटीवर असायचो, म्हणून काचा बदलून आणायला हौसाच जायची. सकाळी चष्मा तिचा: तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, बांगड्याचा कल्ला उघडून मासळीवाल्या गोदूबाईशी भांडणं. संध्याकाळी माझा: पडवीत बसून पेपर वाचणं. मधल्या वेळात तो पडवीतल्या खुंटीवर. माझं वाचून झालं की मी चष्मा काढायचो आणि न बघता उजवीकडे धरायचो. तिथं हौसाचा हात असायचाच. मी कधी मान वळवून खात्री केली नाही. आपली सावली आहे की नाही हे कोणी वळून बघतं काय?

आता वाचनाबद्दल. मी एस.टी.त कंट्रोलर होतो. रत्नागिरीच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारणारा आवाज माझा. गाड्या बिचाऱ्या आपापल्या वेळेला यायच्या, पण वाट बघणाऱ्या माणसाला नुसतं 'लांजा गाडी लागलेली आहे' सांगून त्याचं पोट भरत नाही. मी चिमूटभर मीठ घालायचो. "हर्ण्याहून गाडी आलेली आहे. मागच्या सीटवर सुक्या बोंबलांची पिशवी राहिली आहे. मालकानं घेऊन जावी, नाहीतर वासानं प्रवासी गाडी सोडून जातील." माणसं हातातलं तिकीट विसरून भोंग्याखाली उभी राहायची. एकदा लांज्याची आख्खी गाडी रिकामी गेली, कारण सगळे प्रवासी माझी पुढची घोषणा ऐकायला थांबले होते. साहेबांनी मला खुलासा विचारायला केबिनमध्ये बोलावलं. मी खुलासा सुरू केला आणि साहेबांचीही गाडी चुकली.

पण निवृत्तीबरोबर भोंगा गेला. उरली पडवी, पेपर आणि खांबाला टेकून कोलंबी सोलत बसलेली हौसा. माझा एकुलता एक श्रोता.

बातमी छापणारा माणूस घाईत असतो. बातमी कुठं अर्धी राहिली हे बघायला त्याला सवड नसते. ते काम मी करायचो. शिवाय हल्ली पेपरांची छपाई पांचट झाली आहे, हे माझं जाहीर मत. मथळा तेवढा दिसतो. खाली बघावं तर ओल्या भिंतीवर मुंग्या फिरतायत. तेव्हा मथळा त्यांचा आणि मजकूर माझा, अशी वाटणी होती. लांज्यात काजूच्या कारखान्यात चोरी झाली, चोर सापडला, एवढाच मथळा. मी हौसाला वाचून दाखवलं, की चोरानं अंधारात कच्च्या बिया दातांनी फोडल्या, बियांचं तेल लागून त्याचं तोंड पापलेटाएवढं झालं, तो कण्हत डॉक्टरकडे गेला, आणि डॉक्टर निघाला कारखानदाराचा मेहुणा.

"मेल्याला बरी अद्दल झाली," हौसा म्हणायची. कोलंबी हातात तशीच. "आणि डॉक्टराचं नाव काय हो?"

असा अवघड प्रश्न आला की मी पेपर नाकाला लावायचो. "थांब. नाव बारीक अक्षरात आहे. बघून सांगतो." तेवढ्या वेळात डॉक्टरचं नाव, गाव आणि त्याच्या बायकोचा स्वभाव, सगळं तयार.

हे सुख मोडलं आमच्या मुलानं. सागर मुंबईला कसल्याशा काचा बनवणाऱ्या कंपनीत आहे. यंदा शिमग्याला आला तो बगलेत एक काळी पाटी घेऊन.

"बाबा, ही स्क्रीन माणसाचे डोळे ओळखते. तुमचा जो नंबर असेल तशी स्वतःच बदलते. चष्म्याची गरजच नाही. चाचणीसाठी दिल्येत, मी तुमच्यासाठी मागून आणली."

"डोळे बदलत नाहीत म्हणून पाटी बदलते काय?" हौसा म्हणाली. "गुणाची आहे."

"आणि पेपर यातच येईल. पेपरवाल्याला मी बंद करून आलोय."

चष्मा खुंटीवर असेपर्यंत वाचायचं काम माझं होतं. उद्या या पाटीत हौसाला आपलं आपण दिसायला लागलं तर काजूचा चोर कुठं जाणार? आणि मी?

पण नोंदणी माझ्यापासून सुरू झाली. पाटी बाईच्या आवाजात म्हणाली, "आपण चष्मा वापरता का?" मी होय म्हणालो. "कृपया चष्मा काढून माझ्याकडे बघा." मी बघितलं. "आता कृपया चष्मा घालून बघा."

त्या आधीच काय घडलं ते सांगतो. मी चष्मा काढला तो सवयीनं उजवीकडे धरला होता. तिथल्या हातानं तो सवयीनं घेतला, सवयीनं नाकावर चढवला, आणि पाटीत काय चाललंय म्हणून हौसा पुढं वाकली. पाटीला हवा होता चष्मा घातलेला चेहरा. तो मिळाला. "धन्यवाद," पाटी म्हणाली, "आपली नोंदणी पूर्ण झाली." सागर त्या वेळी रात्रीच्या गाडीचं तिकीट शोधत होता.

रात्री सागर गेला आणि दुसऱ्या दिवशी पाटीचा स्वभाव कळला. मी एकटा बसलो की पाटीवर भाताची पेज सांडल्यासारखं दिसे. हौसा एकटी बसली तरी पेज. मी बिनचष्म्याचा आणि हौसा चष्मा लावून, असे दोघं गालाला गाल लावून बसलो की मात्र अक्षरं टचकन जाग्यावर. लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही इतके जवळ नव्हतो; तिथं मध्ये मामा होते.

संध्याकाळी मी घसा खाकरून वाचायला घेतलं आणि बघतो तर हौसाचे ओठ हलतायत. शाळेतल्या पोरीसारखी ती माझ्याबरोबर एकेक अक्षर लावत होती. आता मीठ घालणार कुठं? मला खालचा मजकूर दिसत नव्हताच. तिच्या पुटपुटण्यावर कान ठेवून मी मागून वाचत गेलो. पाणीपुरवठ्याची बैठक झाली. अध्यक्षांनी आभार मानले. हापूसची आवक वाढली. पेपर संपला. सूर्य अजून नारळीच्या वर होता.

"एवढंच?" हौसा म्हणाली. "आजचा पेपर बारका होता काय?"

तिनं उठून कोलंबीचं ताट आत नेलं. कोलंबी अर्धीसुद्धा सोलून झाली नव्हती.

मी विठूकडे गेलो. दुसऱ्या कोणाकडे गेलो असतो तर बरं झालं असतं, पण दुसरे सगळे कामात होते.

"सोपं आहे, काशी," विठू म्हणाला. "पाटीला शेजारी एक चेहरा हवाय. चष्मा लावलेला. हौसावैनीच हवी असं कुठं आहे? वैनी आपल्या खांबाला, तू आपल्या पाटीला, मध्ये एक चेहरा उभा कर."

"तू येतोस बसायला?"

"मला मिशी आहे. आणि मला तुझ्या गालाला गाल लावायचा नाही." त्यानं परसाकडे बघितलं. "नारळ आहे काय घरात? शेंडीवाला?"

भूमापन खात्यातल्या माणसाची अक्कल चाळीस वर्षं सरकारनं कशी सांभाळली असेल, हा विचार मला घरी पोचल्यावर आला. तोवर माझ्या हातात नारळ होता. हौसा परसात मिरच्या वाळत घालत होती. मी नारळ तांब्यावर बसवला, शेंडी मागे वळवली, हौसाच्या डबीतलं कुंकू लावलं आणि चष्मा चढवला. खरं सांगतो, चेहऱ्यावर एक शांतपणा आला. मी शेजारी बसलो, गाल टेकवला. पाटीनं क्षणभर विचार केला आणि मथळे लख्ख उमटले. ती आनंदानं म्हणालीसुद्धा, "आपल्या चेहऱ्यातील नवे बदल मी शिकून घेत आहे."

मी जोरात सराव सुरू केला. मथळा होता जेटीच्या दुरुस्तीचा. मी त्यात नुकताच एक देवमासा आणला होता, इतक्यात पायरीवर टोपली आदळली.

"अगो बाय माझे!" दारात गोदूबाई. "काशीदादा! ही कोण?"

मी दचकलो. एका हातानं नारळाचा चष्मा ओढून काढला आणि, काय सांगू, न बघता उजवीकडे धरून सोडून दिला.

तिथं हात नव्हता.

चष्मा फरशीवर पडला. डावी काच फुटली, काडी निखळून पायरीखाली गेली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा पडला होता. नारळही गडगडत गोदूबाईच्या पायाशी गेला आणि कुंकवाची बाजू वर करून थांबला. हौसा परसातून आली. तिनं तुकडे बघितले, नारळ उचलला, पदरानं पुसला.

"हे कुंकू माझ्या डबीतलं?"

"होय."

"चष्मा यानं लावला होता?"

"होय."

ती नारळ घेऊन आत गेली. त्या रात्री जेवणात सोलकढी होती. अशी सोलकढी आमच्याकडे क्वचितच झाली असेल, पण मी वाटी बाजूला सरकवली. काही झालं तरी घटकाभर माझ्या गालाला गाल लावून बसलेला नारळ तो.

गोदूबाईनं मात्र बंदरावर बातमी पोचवली, आणि तिथं बातम्यांना मीठ घालणारे माझ्यासारखे शंभर. दुपारपर्यंत 'काशीरामानं नारळाला कुंकू लावलं' होतं. लिलावाच्या वेळेला 'काशीरामानं दुसरी आणली' झालं: सावळी आहे, केस दाट आहेत, तोंडातून शब्द काढत नाही. विठू सांगत होता, की शेवटचा गुण ऐकून दोघा-तिघांनी तिच्या माहेरची चौकशी केली.

इकडे पाटीची आणखी पंचाईत. ती आता नारळ शिकली होती. आम्ही दोघं गालाला गाल लावून बसलो तरी पेज. ज्याला लख्ख दिसत होतं त्याची सोलकढी झालेली. चष्मा नाही, पेपर नाही, पाटी नाही. तुम्ही म्हणाल, तोंडी सांगायच्या बातम्या. पण नुसत्या मोकळ्या हातांनी बातमी सांगता येत नाही. ती थाप होते. दोन संध्याकाळी आम्ही पडवीत समोरासमोर बसून डास मारले.

शेवटी मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. समीक्षा नावाची मुलगी होती. आवाज गोड, पण नियमांना घट्ट.

"सर, आपल्या नोंदीत एकच ग्राहक दिसतोय. मिशी आहे. कुंकू आहे."

"ते आम्ही दोघं आहोत."

"आणि सर, परवापासून केस वाढलेत. डोळे तीन दिसतायत. तिसऱ्याचा काही त्रास होतोय का, सर?"

"तो गेला," मी म्हणालो.

"ऐकून वाईट वाटलं, सर. नोंद पुसायची तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला लागेल, की डोळे ग्राहकाचेच आहेत. नोंदीतल्या सगळ्या चेहऱ्यांना तपासणीला घेऊन जा."

टेकडीवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीमागे एक गृहस्थ होते. मी मागणी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दिसतं असा दाखला आम्ही देतो. दिसत नाही असाही देतो. डोळे कोणाचे, हा मालकीचा प्रश्न. तो इथं येत नाही."

"माझेच आहेत. जन्मापासून कब्जात आहेत."

"कब्जा वेगळा, मालकी वेगळी," मागून विठू म्हणाला. तो कशाला आला होता ठाऊक नाही. मग त्या दोघांचं वहिवाटीवर असं जमलं, की रांग खोळंबली आणि आतून डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. कोवळी पोर होती. तिनं आम्हा दोघांना आत नेलं, विठूला बाहेर ठेवलं. दाखल्याचं ती तपासणीनंतर बघणार होती.

आधी हौसाचे डोळे तपासले. मग माझे, खूप वेळ. मग तिनं आमच्या फुटक्या चष्म्याची शाबूत काच यंत्राखाली धरली.

"हा काकूंचा नंबर आहे, काका. तुमचा नाही. आणि तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आंब्याचा मोसम संपला की ऑपरेशन करून टाकू. पण हा चष्मा तुम्ही कशाला वापरत होतात?"

"पेपर वाचायला," मी म्हणालो. "रोज. मोठ्यानं."

ती हसली. "शक्यच नाही. फार तर मथळा दिसेल. यातून तुम्ही पेपर वाचणं शक्य नाही."

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिलो. वरचं मोठं अक्षर सोडून सगळ्या मुंग्या. काजूचा चोर, मेहुणा डॉक्टर, देवमासा, सगळे माझ्यामागे भिंतीला लागून उभे आहेत आणि हौसा एकेकाकडे बघतेय, असं मला वाटलं.

"डॉक्टरबाय," हौसा म्हणाली, "ते वाचत नाहीत. सांगतात." आणि पदर सारखा करून पुढं म्हणाली, "वाचायला काय, कोणालाही येतं."

रिक्षात ती माझ्या उजवीकडे बसली.

"कधीपासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काजूच्या चोरापासून. दुसऱ्या दिवशी मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. कोणालाच खबर नाही. लांज्याची एक भाजीवाली होती, तिला पण नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पेपरात होतं तेवढंच वाचलं असतंत."

रिक्षा उतारावरून खाली येत होती. समुद्र असावा तिकडे मला नुसता उजेड दिसला.

"आणि काचा?" मी म्हणालो.

"काचांचं काय? दर वेळी माझ्या नंबराच्या घालून आणायचे. तुम्हाला कुठं लागत होत्या?"

दाखला मिळाला, नोंद पुसली गेली. नवी नोंदणी हौसाच्या एकटीच्या नावानं केली. माझ्या डोळ्यांपुढं त्या पाटीनंही हात टेकले असते. त्या वेळी मी अंगणात, कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी उभा राहिलो, म्हणजे चुकूनसुद्धा मध्ये मिशी यायला नको. मोतीबिंदू काढल्यावर चष्मा करू म्हणून सागर फोनवर म्हणाला, "दोन घ्या." हौसानं फोन ठेवून दिला.

आता संध्याकाळी पाटी तिच्या मांडीवर आणि खांबाला टेकून मी. कोलंबी मी सोलतो. डोळ्यांची गरज नसते त्याला, बोटांना कळतं. पहिले काही दिवस तिनं होतं ते वाचलं. पाणीपुरवठ्याची पुन्हा बैठक झाली. अध्यक्षांनी पुन्हा आभार मानले. आवाज तिचा चांगला आहे, पण मला दोनदा डुलकी लागली. एवढंच, मी मनात म्हणालो. बाहेर जगात एवढंच घडतं.

काल दिवे लागायच्या वेळेला ती वाचत होती. हर्ण्याच्या लिलावाची बातमी होती. बाहेरगावचा एक माणूस नुसता बघायला उभा होता. त्याच्या नाकावर माशी बसली. ती उडवायला त्यानं मान हलवली, लिलाववाल्याला वाटलं बोली वाढवली. माशी पुन्हा बसली, त्यानं पुन्हा मान हलवली. माशी चिवट होती. काळोख पडेपर्यंत अख्ख्या बंदराची मासळी त्याच्या नावावर झाली. शेवटी बिचाऱ्यानं सगळी एस.टी.त चढवली आणि कंडक्टरनं सुरमईला पूर्ण तिकीट फाडलं, बांगड्याला अर्धं.

माझी कोलंबी हातात तशीच राहिली. मी तिच्याकडे बघितलं. चेहरा नीट दिसत नाही मला, पण काळं कुठलं आणि उजळ कुठलं हे मोतीबिंदूलाही कळतं. पाटीचा उजेड रोज तिच्या हनुवटीवर पडतो. काल पडला नव्हता. पाटी ठार काळी होती. तिची चार्जिंगची वायर मागे खुंटीवर लोंबत होती, चष्म्याच्या जागी. आणि हौसाचं बोट त्या काळ्या काचेवरून ओळीमागून ओळ, डावीकडून उजवीकडे सरकत होतं.

मी घसा खाकरला.

"त्या कंडक्टरचं नाव काय गो?"

तिनं पाटी उचलून नाकाला लावली.

"थांबा," ती म्हणाली. "नाव बारीक अक्षरात आहे. बघून सांगते."